रेकॉर्ड थांबत नाही

कोल्हापूर,
मंगळवार, १६ एप्रिल २०२४

चि. प्रसेनजीत यास,

जयभीम. आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत. तुझं उत्तर आलं की बघू.

रविवार, १४ एप्रिल, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, मलकापूरच्या विहाराच्या हॉलमध्ये, दोनशे माणसांसमोर तू माझा अपमान केलास. वेळ घड्याळात बघून लिहिली आहे. निवेदकानं आपल्या दोघांची नावं घेतली, मी उठले, दोन पावलं टाकली, आणि तू हातानं मला बसायची खूण केलीस. वर्गात न विचारता उठलेल्या पोरीला करतात तशी. मग खिशातून फोन काढलास, स्पीकरची वायर जोडलीस, बटण दाबलंस आणि त्या फोनच्या साथीवर सॅक्सोफोन लावून आबांची चाल उरकलीस. बेस आणि ड्रम तेच, मला सरावाला दिलेल्या रेकॉर्डिंगमधले. त्यात पियानो नाही, कारण पियानो मी वाजवायचा असं ठरलं होतं. म्हणजे माझी जागा रिकामी ठेवून, ती रिकामी आहे हे सगळ्यांना ऐकवून तू वाजवलंस. कोल्हापुरातून टेम्पोत घालून आणलेला माझा कीबोर्ड कोपऱ्यात चादर पांघरून उभा होता. मी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईला दुसरं काही करता येत नाही.

हे फोनवर का बोलत नाही, असं तुझी क्रांती विचारेल. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. फोनवर माणूस किती सहज खोटं बोलतो हे मला शिकवू नका. परवापासून तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू बरं बरं म्हणालास आणि फणसाचा विषय काढलास. म्हणून आता कागद.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तूच माझ्या घरी येऊन म्हणालास की आक्का, दरवर्षी जयंतीला आबांची चाल मी एकटाच वाजवतो, आता तू साथीला बस. मी म्हणाले होते की मला जॅझ येत नाही. आबांनी फौजेच्या बँडात, ऑफिसरांच्या मेसमध्ये नाचाला वाजवून ते शिकून घेतलं आणि तुझ्या हाती दिलं. मला मात्र पेन्शनीतून कॉन्व्हेंटात घातलं. तिथं सिस्टर बेनिटांनी पट्टीच्या जोरावर शिकवलं ते एवढंच, की कागदावर आहे ते सगळं वाजवायचं आणि कागदावर नाही ते वाजवायचं नाही. तू हसलास आणि तुझ्या सॅक्सोफोनचं एक जुनं रेकॉर्डिंग देऊन गेलास. म्हणालास, यावर वाजव, येईल.

चौदा महिने मी वाजवलं. रोज सकाळी सहा ते साडेसात. पहिले आठ दिवस आबांच्या जुन्या तबकड्यांवर, मग तुझ्या रेकॉर्डिंगवर. सुरुवातीला मी दोन्ही हातांनी भरून काढत होते, एक जागा मोकळी सोडत नव्हते. आमची चिमणाबाई केर काढता काढता थांबली आणि म्हणाली की आक्का, त्यो बाबा बोलतोय न्हवं, मग तुमी सारखं मधी मधी का करताय, त्येला बोलू द्या की. या बाईनं जन्मात पियानो पाहिला नव्हता. पण सिस्टरनी आठ वर्षांत सांगितलं नाही ते तिनं एका वाक्यात सांगितलं. त्या दिवसापासून मी डावा हात कमी केला. चार सुरांची कॉर्ड एकदम, हलकी, आणि हात उचलून घ्यायचा. तुझं वाक्य संपलं की मगच. आबांच्या चालीची बारा घरं, चार-चार ठोक्यांचं एकेक, कुठल्या घरात कुठली कॉर्ड, सगळं झोपेतून उठवलं तरी सांगेन.

इतकं करून मला खुर्चीवर बसवलंस. का, ते लेखी कळव. फणसाबद्दल काही लिहू नकोस.

तुझी,
आक्का


मलकापूर,
सोमवार, २२ एप्रिल २०२४

ती. आक्का हिस,

सप्रेम जयभीम. पत्र पावलं. पाकिटावर तू वैयक्तिक असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास, त्यामुळे पोस्टमन दारातच उभा राहिला आणि पावणं, कोर्टाचं हाय काय, असं विचारून गेला. क्रांतीनं त्याला सांगितलं की कोर्टाचं असतं तर बरं झालं असतं, तिथं निदान तारीख तरी मिळते.

चुकलं माझं. दोनशे माणसांत खूण करून बसवायला नको होतं. त्या दिवशी भाषणं लांबली होती, जेवणं खोळंबली होती आणि तुझा कीबोर्ड लावून होईपर्यंत पोरं भाताच्या पातेल्याकडे पळाली असती. म्हणून फोन लावला.

एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून दुसरंही लिहितो. रागावू नकोस. मार्चमध्ये मी तुझ्याकडे येऊन आपण दोघांनी एकदा वाजवून बघितलं, आठवतं? पाचव्या घरात मी जरा थांबलो. तू थांबली नाहीस. सहावं घर, सातवं घर, तुझी गाडी वेळेवर निघून गेली आणि मी फलाटावर सॅक्सोफोन घेऊन उभा. चहा पिताना तू मला म्हणालीस की प्रसेनजीत, तुझं मोजणं कच्चं झालंय. पण आक्का, तुझी साथ त्या रेकॉर्डला आहे, मला नाही. रेकॉर्ड चुकत नाही, दमत नाही, पाणी मागत नाही. तुझं तिच्याशी जमलंय. त्यात मी कशाला?

आता या वयात हे पुरे. उजळाईवाडीचा केरबा, तो लग्नाच्या बँडात वाजवतो, माझ्या सॅक्सोफोनवर त्याचा कधीपासून डोळा आहे. त्याला तो देऊन टाकायचं ठरवलंय. २६ मेला रविवारी येऊन घेऊन जाईल. कपाटात पडून राहण्यापेक्षा वाजत राहील.

इकडची हवा चांगली आहे. कोंबड्या अंडी देतात, प्रचाराच्या गाड्या कान खातात, आणि फणसाबद्दल तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहीत नाही. पण यंदा खूप आहेत.

क्रांतीचा जयभीम. राग गिळ आणि लोभ असू दे.

तुझा,
प्रसेनजीत


कोल्हापूर,
रविवार, २८ एप्रिल २०२४

चि. प्रसेनजीत यास,

जयभीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी फाडणार होते. दुसऱ्या वेळी चिमणाबाईला वाचून दाखवलं, तर ती तुझ्याच बाजूनं बोलली. म्हणाली की दादांचं खरं हाय, तुमी त्या फोनसंगं वाजवता तवा मागं वळून बघतच न्हाई. तिसऱ्या वेळी चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. मार्चमध्ये तू थांबलास तेव्हा मला वाटलं तू चुकलास. का थांबलास हे मी विचारलं नाही, कारण मी घरं मोजत होते. हे माझ्याकडून झालं. ते मी कबूल करते.

आता तुझ्याकडून काय झालं ते ऐक.

परवा क्रांतीनं माझी समजूत काढायला म्हणून त्या संध्याकाळचा व्हिडिओ फोनवर पाठवला. मला सवय लागलेली, कानावर वाजू लागलं की हात आपोआप कीबोर्डवर जातात. रागातच सुरू केलं. म्हटलं, हॉलमध्ये बसवलंस ना, आता घरात बसून तुझ्या मागे वाजवते. बारा घरांची पहिली फेरी संपली, दुसरी संपली, आणि माझ्या लक्षात आलं की मी एकदाही अडखळले नाही. तू कुठे लांबवणार, कुठे तोडणार, कुठल्या घरात श्वास घेणार, सगळं माझ्या हातांना आधीच माहीत होतं. पाच फेऱ्यांत अठरा श्वास. मी ते चौदा महिने मोजले आहेत. जिवंत माणूस दोनदा त्याच अठरा जागी श्वास घेत नाही, प्रसेनजीत.

हॉलमध्ये रागानं माझे कान बंद होते, आणि आताही मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. पुन्हा लावलं आणि नुसतं ऐकलं. चौथ्या फेरीत, सातव्या घरात, मागे बारीक कुकरची शिट्टी. ती शिट्टी मला चांगली ओळखीची आहे. २०१६ साली तू शिरोलीच्या ओतकामाच्या फाउंड्रीत असताना, तुमच्या जुन्या घरी केलेल्या रेकॉर्डिंगमधली ती क्रांतीची डाळ. त्या शिट्टीवर माझी एक कॉर्ड बरोबर पडते. मलकापूरच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी भात बाहेर चुलीवर पातेल्यात होता. कुकर कुठून आला?

तू वाजवलंच नाहीस. सॅक्सोफोन तोंडाला लावून उभा राहिलास आणि आठ वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या मागे बोटं हलवलीस. बोटं मात्र अचूक हलवलीस, तेवढं सर्टिफिकेट देते.

दिखाऊपणा तुझ्यात कधी नव्हता. शाळेच्या बँडात पुढे उभं राहायची पाळी आली की तू ढोलामागे लपायचास. म्हणजे काहीतरी निराळं आहे. फोनवर तू बरं बरं म्हणतोस त्या दोन बरंच्या मध्ये थांबतोस, तेही आता मला ऐकू येतंय. इतके महिने ऐकू आलं नाही याचा राग माझ्यावर आहे, आणि तू सांगितलं नाहीस याचा राग तुझ्यावर.

सरळ विचारते, सरळ लिही. तुझ्या छातीला काय झालंय? डॉक्टर कोण, काय म्हणाले? आणि सॅक्सोफोन केरबाला देतोयस तो वाजत राहावा म्हणून, की तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून?

आशीर्वाद पाठवते आहे. ते राखून ठेवण्याची ही वेळ नाही.

आक्का


मलकापूर,
शनिवार, ४ मे २०२४

ती. वन्सं यांस,

क्रांतीचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलं. यांनी वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं आणि उत्तर लिहायचं नाही म्हणाले. म्हणून मी लिहिते. माझ्या डाळीची शिट्टी तुम्ही ओळखलीत, तेव्हा आता लपवून काय उपयोग?

फाउंड्रीतली वाळूची धूळ छातीत बसली आहे. दिवाळीनंतर जास्त झालं. तुमच्याच कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, औषध चालू आहे. म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण सांभाळून राहिलं तर पुष्कळ वर्षं काढाल. मी मुद्दाम विचारलं की वाजवायचं बंद करायचं का. तर म्हणाले की बंद कशाला, दम लागेपर्यंत ओढू नका, झेपेल तेवढं फुंका. पण यांना झेपेल तेवढं नको असतं. पूर्वीएवढं पाहिजे असतं.

मार्चमध्ये तुमच्याकडून आले तेव्हा एस.टी.तून उतरून घरापर्यंत दोनदा कट्ट्यावर टेकले. घरी आल्यावर म्हणाले की आक्काला वाटतं मी मोजायला विसरलो, वाटू दे, छातीचं कळण्यापेक्षा हे बरं. जयंतीच्या दिवशी सकाळी परसात वाजवून बघितलं. दोन घरं झाली की थांबावं लागायचं. तुम्ही पियानोवर बसला असता तर खरंच वाजवावं लागलं असतं, आणि मधेच दम सुटला असता तर तुम्ही पुढे गेला असता आणि हे सगळ्यांसमोर उघडे पडले असते. तुमचा अपमान करायचा म्हणून नाही केलं हो वन्सं. भ्याले.

केरबा येणार म्हणून रोज सॅक्सोफोन पुसतात. पुसून झाला की परत पुसतात. मला ते बघवत नाही. तुम्हाला काही सुचलं तर करा. मी लिहिलं हे यांना कळलं तर रागावतील, पण रागवायलाही दम लागतो, राग फार वेळ टिकणार नाही.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
क्रांती


कोल्हापूर,
गुरुवार, ९ मे २०२४

चि. प्रसेनजीत यास,

जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

घरातल्या माणसावर डोळे वटारू नकोस. अर्धं मी कानानं काढलं होतं, उरलेलं मला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. तू सांगितलं नाहीस, तिनं सांगितलं. तुझ्यापेक्षा तिला जास्त कळतं हे मी तुमच्या लग्नाच्या दिवशीच म्हणाले होते.

तुझी कीव करायला हे पत्र लिहिलेलं नाही. कीव मला जमत नाही, आणि तुला ती चालणार नाही. मी काय केलं ते सांगते.

पत्र आलं त्या संध्याकाळपासून मी सराव बदलला. रेकॉर्डिंग लावते आणि फोन चिमणाबाईच्या हातात देते. तिला सांगितलंय की तुझ्या मनाला येईल तेव्हा बंद कर, मनाला येईल तेव्हा चालू कर, मला सांगायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही. हे काम तिला इतकं आवडलं की आता ती भांडी तशीच टाकून येते. पहिल्या दिवशी तिनं बंद केलं आणि मी तशीच चार घरं पुढे गेले, जशी तुझ्यापुढे गेले होते. ती म्हणाली की आक्का, दादा पडलं मागं, तुमी कुठं निघाला. दुसऱ्या दिवशी तिनं बंद केलं आणि मीही हात उचलून थांबले. तेही चूक. साथीदार थांबला की सगळंच पडतं आणि लोक वळून बघतात.

तिसऱ्या दिवशी जमलं. बंद झालं की मी त्याच घरात राहते. पुढे जात नाही, थांबतही नाही. डावा हात ठेका धरून चालू, उजवा हात तीच कॉर्ड वर, खाली, थोडी वाकडी करून, थोडी सरळ करून फिरवत राहतो. कुणाला वाटावं हे असंच ठरलेलं आहे. काल चिमणाबाईनं मला पाचव्या घरात तब्बल दीड मिनिट ठेवलं. ती मध्येच दूध बघायला गेली होती. मी तिथंच होते. ती परत आली, बटण दाबलं, तुझा सूर आला आणि मी त्याच्या खाली होते. हात जागेवर होते. सदुसष्टाव्या वर्षी मी साथ करायला शिकले, आणि ते सिस्टर बेनिटांकडून नाही, तुझ्याकडून नाही, दूध उतू जाईल म्हणून पळणाऱ्या बाईकडून.

चौदा महिने मी ज्याच्या मागे वाजवत होते त्याला माझी गरज नव्हती. रेकॉर्ड थांबत नाही. तू थांबतोस. मला थांबणाऱ्या माणसाच्या मागे बसायचं आहे.

आता काय करायचं ते ऐक. गुरुवारी, २३ मे, बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये कार्यक्रम आहे, विहाराच्या सेक्रेटरींशी मी बोलले आहे, आपल्याला साडेसहाची वेळ दिली आहे. भाषणांच्या आधी, भाताच्याही आधी. मी बुधवारीच कीबोर्ड घेऊन येते. फोन नाही, स्पीकरची वायर नाही. तू खुर्चीवर बसून वाजवायचं. उभं राहून छाती काढायची गरज नाही, आबाही म्हातारपणी बसूनच वाजवायचे. दोन घरं झेपली तर दोन, एक झेपलं तर एक. दम लागला की सॅक्सोफोन मांडीवर ठेव, पाणी पी, लोकांकडे बघ. मी त्या घरात आहे. तुला वाटेल तेव्हा परत ये. एका फेरीला दहा मिनिटं लागली तरी चालतील. बारावं घर आपण दोघं मिळून गाठायचं, एवढंच.

आणि लोक काय म्हणतील, हे मला लिहू नकोस. त्या हॉलमधल्या निम्म्या माणसांनी तुझ्याच फाउंड्रीत वाळू उपसली आहे. दम लागणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

२६ तारखेला केरबा येईल. २३ ला वाजवल्यानंतरही तुला सॅक्सोफोन द्यावासा वाटला तर दे, मी स्वतः पेटीत घालून त्याच्या हाती देईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. पण न वाजवता द्यायचा नाही. आठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगला शेवटचा शब्द द्यायचा नाही.

मला उत्तर लेखी हवं. फोनवर नाही, क्रांतीच्या हातचं नाही, तुझ्या हातचं. शनिवार, १८ मे, दुपारी चार वाजेपर्यंत ते माझ्या हातात पडलं पाहिजे, म्हणजे टेम्पो सांगता येईल. पोस्टाचा भरवसा नसेल तर सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर जाऊन घेईन. लांबलचक लिहायची गरज नाही. येतो, एवढं लिही. कुठल्या घरात थांबणार ते मात्र लिहू नकोस. ते तुलाही आधी माहीत नसणार, आणि मला ते आधी माहीत असून चालणार नाही.

तुझी,
आक्का